बायोप्सीचा तुकडा ते काचपट्टी: हिस्टॉलॉजी लॅबमध्ये रोज काय बिघडतं आणि ते कसं सावरतात?

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, अपेंडिक्स किंवा दुर्बिणीतून घेतलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा डॉक्टर तपासणीला पाठवतात. 'रिपोर्ट चार-पाच दिवसांनी येईल,' असं नातेवाइकांना सांगितलं जातं. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळतो, मग याला इतके दिवस का लागतात?

कारण हा तुकडा थेट मायक्रोस्कोपखाली ठेवता येत नाही. आधी तो टिकवावा लागतो. मग त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे आणि त्यांना रंग द्यायचा. हे काम हिस्टॉलॉजी लॅबमध्ये होतं. रक्ताचा नमुना खराब झाला तर पुन्हा सुई टोचता येते. बायोप्सीचा तुकडा वाया गेला तर दुसरा मिळेलच असं नाही. म्हणूनच या लॅबमधल्या किरकोळ वाटणाऱ्या अडचणीही महत्त्वाच्या ठरतात.

पहिली अडचण लॅबच्या बाहेरच

शरीरातून बाहेर काढताच तुकडा कुजायला सुरुवात होते. ते थांबवण्यासाठी तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाकतात. बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी घेऊन त्यात बफरचे क्षार घातले की हे द्रावण तयार होतं.

समजा, खडकवासला किंवा डोणजे परिसरातल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात गाठ काढली आणि लॅब पुणे शहरात आहे. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून नमुना पोहोचायला वेळ लागणारच. तो फॉर्मलिनमध्ये असेल तर काही बिघडत नाही. पण सलाईनमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवला तर पेशी वाटेतच खराब होतात. नंतर फॉर्मलिनमध्ये टाकून त्या परत येत नाहीत.

स्तनाच्या कर्करोगात तर घड्याळच लावावं लागतं. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या चाचण्यांवर पुढचे उपचार ठरतात. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, असा नमुना एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. वेळ चुकली तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग ज्या औषधाचा उपयोग झाला असता, तेच पेशंटला मिळत नाही.

नमुना पाठवताना होणाऱ्या नेहमीच्या चुका आणि त्यांचे उपाय असे:

- फॉर्मलिन कमी पडणं: तुकड्याच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट द्रावण हवं.
- मोठा अवयव अख्खाच बुडवणं: फॉर्मलिन साधारण तासाला एक मिलिमीटर या संथ वेगाने आत शिरतं, त्यामुळे आतला भाग कुजतो. मोठा नमुना लॅबमध्ये लवकर पोहोचवून तिथे योग्य जागी चिरावा लागतो.
- अरुंद तोंडाची बाटली: तुकडा आत जाताना मऊ असतो. फॉर्मलिनने कडक झाला की बाहेर निघत नाही. म्हणून रुंद तोंडाची बरणीच वापरावी.
- झाकणावर चिकटवलेलं लेबल: झाकणं बदलली की पेशंट बदलतो. नाव आणि नंबर बरणीच्या अंगावरच हवेत.

पावसाळा आणि मेणाचा ब्लॉक

मेण आणि पाणी एकत्र येत नाहीत. त्यामुळे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तुकड्यातलं पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि शेवटी ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारं पॅराफिन मेण आत भरतात. हाच तो 'ब्लॉक'.

पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्ये हवेतली आर्द्रता शिरते. मग तुकड्यात पाणी राहतं, मेण नीट भरत नाही आणि ब्लॉकच्या मधोमध तुकडा मऊ, खचलेला दिसतो. याची खूण झायलीनमध्ये मिळते: पाणी आलं की ते दुधासारखं गढूळ होतं. असं दिसलं की झायलीनबरोबर आधीचं अल्कोहोलही बदलायचं. डब्यांची झाकणं घट्ट ठेवायची आणि किती कॅसेट झाल्यावर द्रावण बदललं, याची वही ठेवायची.

रिबन का तुटते?

ब्लॉकचे काप मायक्रोटोम या यंत्रावर काढतात. त्यांची जाडी ३ ते ५ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. एकामागोमाग काप जोडून निघतात, त्याला 'रिबन' म्हणतात.

- काप चुरगळतो: मेण गरम झालं आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. ब्लॉक बर्फावर थंड करायचा.
- कापावर उभी चीर किंवा रेघ: ब्लेडला खाच आहे. ब्लेड सरकवून नवी धार घ्यायची.
- एक काप जाड, एक पातळ: ब्लॉक किंवा ब्लेड सैल आहे. सगळे स्क्रू घट्ट करायचे.
- काप फाटतो, करकर आवाज येतो: तुकड्यात हाड किंवा कॅल्शियम असू शकतं. ब्लॉकचा पृष्ठभाग काही वेळ आम्लाच्या सौम्य द्रावणावर पालथा ठेवून तो मऊ करतात.

दुसऱ्याच पेशंटच्या पेशी

काप सुरकुत्या जाण्यासाठी कोमट पाण्यावर तरंगत ठेवतात आणि मग काचेच्या स्लाइडवर उचलतात. आधीच्या पेशंटचा एखादा कण त्या पाण्यात राहिला, तर तो पुढच्याच्या स्लाइडवर चिकटू शकतो. निरोगी माणसाच्या स्लाइडवर कर्करोगाच्या पेशी दिसण्याचा धोका इथे असतो. उपाय साधा आहे: प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपरने पाण्याचा पृष्ठभाग पुसून घेणं आणि एका वेळी एकच ब्लॉक हाताळणं. शंका आलीच तर त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप काढून पाहतात.

धरणाचं पाणी आणि निळा रंग

स्लाइडला हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग देतात. पहिल्याने पेशीचं केंद्रक निळं होतं, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी. पण हिमॅटॉक्सिलिन आधी तांबूस-जांभळं दिसतं. किंचित अल्कधर्मी पाण्यात धुतल्यावरच ते निळं होतं. बऱ्याच लॅबमध्ये यासाठी नळाचंच पाणी वापरतात. पुण्यात हे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून येतं.

सगळीकडे नळाचं पाणी सारखं नसतं. कुठे टँकर असतो, कुठे बोअर, कुठे आरओ. आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेल्याने केंद्रकं निळी न होता लालसर राहू शकतात. अशा वेळी एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २ ते ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, घालून द्रावण करतात. पाणी कुठलंही असलं तरी निळा रंग रोज सारखा येतो.

काम करणाऱ्यांची सुरक्षा

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ मानते. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. काही वेळाने नाकाला वासाची सवय होते, पण याचा अर्थ धोका गेला असा नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क ही वाफ अडवत नाही. खरा उपाय म्हणजे नमुने कापायच्या टेबलाला हवा खेचून बाहेर टाकणारी व्यवस्था. नायट्राइल हातमोजे आणि गॉगल त्यानंतर येतात. डोळ्यात थेंब उडाला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

झायलीनची वाफ साधारण २७ ते ३२ अंशांनाच पेट घेऊ शकते, अल्कोहोलची त्याहूनही कमी तापमानाला. पुण्याचा उन्हाळा याच्या वर जातो. शिवाय झायलीनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून मेण वितळवणारी उपकरणं, हीटर आणि उघडं झायलीन एका ओट्यावर नको.

ब्लेडच्या जखमा बहुतेकदा घाईत होतात. ब्लॉक बदलण्याआधी मायक्रोटोमचं चाक लॉक करायचं, ब्लेडवर गार्ड ओढायचं आणि साफसफाईपूर्वी ब्लेड काढायचं. ऑपरेशन सुरू असताना तातडीचा रिपोर्ट देण्यासाठी वापरतात त्या क्रायोस्टॅटमध्ये जास्त जपावं लागतं. तिथला तुकडा फॉर्मलिनमध्ये गेलेला नसतो, त्यामुळे त्यातले क्षयरोगाचे जंतू जिवंत असू शकतात.

फॉर्मलिन सिंकमध्ये ओतलं तर?

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार, वापरलेलं फॉर्मलिन रासायनिक द्रव कचऱ्यात मोडतं. ते वेगळं गोळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते. उरलेले अवयव पिवळ्या पिशवीत जातात, तर ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात.

हा नियम फक्त कागदावरचा नाही. खडकवासला धरणातून निघणारी मुठा पुढे थेट पुणे शहरातून वाहते. फॉर्मलिन जंतू मारतं आणि सांडपाणी शुद्ध करणारे उपयोगी जिवाणूही मारतं. २०२१ मध्ये खडकवासला गाव पुणे महापालिकेत आलं. वस्ती वाढते तसे दवाखाने वाढतात आणि प्रत्येक दवाखान्यातल्या बरणीभर फॉर्मलिनचा प्रश्नही वाढतो.

पेशंटने काय विचारावं?

- तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये टाकला का, आणि किती वाजता?
- बरणीवर पूर्ण नाव, वय आणि शरीराचा कोणता भाग हे लिहिलं आहे का?
- नमुना नातेवाइकांकडे दिला असेल, तर बरणी उभी आणि घट्ट बंद ठेवा. ती फ्रीजमध्ये ठेवू नका, उघडू नका, वाटेत कुठे थांबू नका.
- रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइड कधी व कशा मिळतील? दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं असेल किंवा कर्करोग रुग्णालयात दाखवायचं असेल, तर फक्त कागद पुरत नाही. तिथे मूळ स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात.
- रिपोर्टला उशीर होतोय, असं कळलं तर कारण विचारा. 'खोलवरचे काप काढतोय' किंवा 'आणखी स्टेन लावतोय' असं उत्तर आलं, तर लॅब शंका दूर करूनच निदान देते आहे, असं समजावं.