तारीख आधी, रणगाडा नंतर

टपरीवर परवा एकाने विचारलं, "तू सारखो त्या जर्मन रणगाड्यांबद्दल कित्याक वाचतंस रे?" उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितो.

१९४१ मध्ये जर्मनी रशियात घुसला आणि समोर आला टी-३४ रणगाडा. तिरकं चिलखत, रुंद पट्टे, चिखलातही चालणारा. जर्मन हादरले. नोव्हेंबरात त्यांची समिती आघाडीवर जाऊन हा रणगाडा बघून आली आणि उत्तर म्हणून 'पँथर' बनवायचं ठरलं. मे १९४२ मध्ये मान कंपनीचा आराखडा निवडला. जानेवारी १९४३ मध्ये कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे पुरते आठ महिनेही नाहीत.

कागदावर पँथर जबरदस्त होता. ७५ मिमीची लांब नळीची तोफ, पुढे ८० मिमीचं तिरकं चिलखत. पण ठरलेलं वजन ३० टन, ते हिटलरच्या 'अजून जाड करा'मुळे आणि इतर बदलांमुळे ४५ टनांच्या घरात गेलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारे गिअर मात्र एवढ्या वजनासाठी बनवलेलेच नव्हते. ते तुटायचे. इंजिनाचा कप्पा पाणी शिरू नये म्हणून इतका बंद, की आत उष्णता कोंडायची.

कुर्स्कची लढाई पुढे ढकलण्यामागे पँथरची वाट बघणं हेही एक कारण होतं. ५ जुलै १९४३ ला सुमारे २०० पँथर आले. स्टेशनवरून आघाडीकडे जातानाच दोन जळाले. काही सुरुंगांत अडकले, काही तोफांनी टिपले, बरेच स्वतःहून बंद पडले. पाच दिवसांत लढण्याजोगे उरले दहाच्या आसपास.

पुढे बऱ्याच चुका सुधारल्या, शत्रू त्याला घाबरायचाही. पण एकूण पँथर झाले सहा हजारांच्या आसपास. साधासुधा टी-३४ युद्धकाळात पन्नास हजारांहून जास्त बनला.

आता मालवणात या. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. दोष कोणाचा ते चौकशी आणि कोर्ट ठरवील. २०२५ मध्ये तिथे नवा, मोठा पुतळाही उभा राहिला. पण तो दिवस आपण विसरायचा नाही. समोरच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं, पुरं व्हायला तीन वर्षं लागली. साडेतीनशे वर्षं तो लाटा खातोय.

होडी पाण्यात सोडायच्या आधी आपल्याकडचा सुतार प्रत्येक सांधा तपासतो. मुहूर्त कोणी काढलाय हे समुद्र विचारत नाही.

म्हणून यापुढे रस्ता असो, पूल असो की जेटी, नारळ फुटायच्या आधी एकच प्रश्न विचारा: आधी काम पुरं झालं, की आधी तारीख ठरली?