बे, पे आणि दुभंगलेली टाळू

उर्दू शाळेत अलिफनंतर बे आणि पे येतात. ही अक्षरे उच्चारायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू जन्मतः दुभंगलेली असली की हवा नाकातून निसटते. वर्ग हसतो, मूल गप्प बसते. घरी कारण सांगितले जाते ते असे, की आईने ग्रहणात सुरी हाती धरली. पैगंबरांचे (स.) पुत्र इब्राहिम वारले त्या दिवशी ग्रहण लागले होते, आणि त्याचा मृत्यूशी संबंध जोडू नका असे त्यांनी लोकांना बजावले होते. तरीही आपल्या मोहल्ल्यांत ही समजूत टिकून आहे.

चेहरा दुरुस्त करण्याचे इल्म मात्र जुने आहे. अंदलूसचे अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू सुमारे १०१३) यांनी 'अल-तसरीफ'च्या तिसाव्या भागात जबडा मोडल्यास हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधावेत असे लिहिले. टिपू सुलतानच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या इंग्रज फौजेच्या गाडीवानाला पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जनने तीच पद्धत लंडनमध्ये वापरली.

पण तिथे काम कातडीवर भागले. हिरडीतली फट बुजवायला हाड लागते.

इथे आपले नागपूर येते. १९५८ साली इथल्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातला असा पहिला विभाग तो मानला जातो. १९७५ मध्ये त्यांनी मांडलेले वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनही ओळखले जाते. गट एक: फक्त ओठ. गट दोन: फक्त टाळू. गट तीन: ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही. ज्याला लोक 'ग्रहण लागलेले पोर' म्हणत, त्याच्या केसपेपरवर आता साधा आकडा आला. आकड्यात दोष कुणाचाच नसतो, आईचाही नाही.

ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात शिवतात. टाळू बोलणे पक्के होण्याआधी, दीड वर्षाच्या आत. हिरडीची फट मात्र आठ ते अकराव्या वर्षी, सुळा उगवण्यापूर्वी, कमरेच्या हाडातला मऊ गर भरून बुजवतात. म्हणजे मूल तिसरी-चौथीत असताना. तोपर्यंत त्याला वर्गात टिकवणे आणि त्याचे बे-पे धीराने ऐकणे हे काम सर्जनचे नाही, आम्हा शिक्षकांचे आहे.