बिनसहीचा ट्रम्पेट

बँकेत सही जुळली नाही, तर चेक परत जातो. जुन्या तबकडीवर मात्र सहीच नसते! तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. लेबलावर सिनेमा, गायक, संगीतकार. मध्येच काळीज चिरत जाणारा ट्रम्पेट कोणाचा? ओळखा पाहू!

मग कान लावून बसायचे. सूर उचलतो कसा, लांबवलेला सूर शेवटी थरथरतो का, भोंग्यात म्यूट खुपसलाय का, हीच त्याची सही. (तबकडी जरा जोरात फिरली, की तीही बिघडते.)

पुणतांब्याचे सी. रामचंद्र स्वतः गायले की 'चितळकर' होत. म्हणजे त्यांना नावे दोन, आणि त्यांच्या गोवेकर वादकांना एकही नाही! हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, भारताचे लुई आर्मस्ट्राँग, 'अलबेला'त (१९५१) बँडसकट पडद्यावर दिसले, म्हणून निदान चेहरा तरी कळतो. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचे नाव शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात घातले. सारा देश ते गातो, आणि नाव काल्पनिक समजतो!

कुंभारीत शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशींना हे ऐकवले.

"पैसे तरी मिळाले का ओ त्यास्नी?"

"रेकॉर्डिंगचे रोख मिळत. रॉयल्टी नाही."

"म्हंजे आमच्यावानीच. हजारावर मजुरी, बंडलावर नाव मालकाचं." मावशी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "पर धाजणींच्या ढिगातनं माझी विडी मी नुसता हात लावून सांगते. लावा परत, ऐकू द्या."