गाळ्यातली मुंबई

बत्तीस शिराळ्याच्या पट्ट्यातून मुंबईला गेलेल्या पहिल्या पिढ्यांच्या खिशात पैसा नव्हता, हे सगळे सांगतात. त्या माणसांनी मुंबई मनसोक्त उपभोगली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गिरणगावाचा इतिहास आपण बहुधा दोन सुरांत ऐकतो, एक हलाखीचा आणि एक लढ्याचा. दोन्ही खरे आहेत. पण ज्या शहरात नुसते पाठ टेकायला जागा मिळणे दुरापास्त होते, तिथे तमाशाच्या थिएटरांना गर्दी होत होती, गणपतीपुढे रात्र रात्र भजने रंगत होती, तालमींत कुस्त्या घुमत होत्या आणि रविवारी राणीच्या बागेत हत्ती पाहायला झुंबड उडत होती. तुटपुंज्या पगारात हे कसे जमले, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. काटकसर हे त्याचे नेहमीचे उत्तर. मला ते अपुरे वाटते. एकट्याने कितीही पोट मारले तरी मुंबई परवडत नव्हती. ती परवडली वाटून घेतल्यामुळे, आणि या वाटून घेण्यामागे जागा, वेळ आणि कोणाचे तरी न मोजलेले कष्ट होते.

शिराळा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. मोरणा आणि वारणेचे खोरे पावसाने श्रीमंत, पण जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडे जास्त. चार भावांत वाटणी झाली की एकाने तरी घाट उतरायचा, हा रिवाज पडून गेला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला, दोन वर्षांत ती सुरू झाली आणि पुढच्या काळात कोकण व साताऱ्याकडच्या माणसांनी हा धंदा तोलून धरला. कराडला रेल्वे आल्यावर वाट सोपी झाली. कोणी साच्यावर लागला, कोणी गोदीत, कोणी मशीद बंदरला डोक्यावर पोती वाहू लागला. पण जाणारा क्वचितच कुटुंब घेऊन गेला. बायकापोरे, म्हातारी माणसे आणि बैल मागेच राहिले. पुढच्या सगळ्या स्वस्ताईचे मूळ या गोष्टीत आहे.

एकटा पुरुष मुंबईत उतरला की गाळा शोधायचा. गावकीची एक खोली, तिला गाळा म्हणत. डिलाईल रोड, लालबाग, परळ, नायगाव या भागांत सातारा-कोल्हापूरकडच्या गावांनी असे गाळे धरले. भाड्याची पावती एकाच्या नावावर, पण खोली गावाची. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर धोतरे-सदरे, माळ्यावर वळकट्या, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि त्याच्या खाली खिळ्याला टाळ-पखवाज. माणसे खोलीच्या आकारावर ठरत नसत, पाळीवर ठरत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींत एक खोली होती १६० चौरस फुटांची. बर्नेट-हर्स्ट या अभ्यासकाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईतील ९७ टक्के कामगार कुटुंबे एकखोलीत राहत असल्याचे नोंदवले आहे. गाळ्यात तर कुटुंब नव्हते, वस्ती होती. पण दरडोई भाडे आण्यांत बसत होते आणि नव्याने आलेल्याला नोकरी लागेपर्यंत कोणी उठवत नव्हते. आजच्या भाषेत ज्याला राहण्याचा खर्च म्हणतात, तो गावाने आधीच उचललेला होता.

पैशाइतकीच टंचाई होती वेळेची, आणि हा भाग मौजेच्या गप्पांतून हमखास गळतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती त्यांच्या चळवळीमुळे. त्यानंतरही दिवस लांबच होता. १९११ च्या कायद्याने पुरुषांचे काम १२ तासांवर आणले, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले, १९३४ मध्ये ५४ आणि १९४८ मध्ये ४८. राणीची बाग १८६२ पासून होती, ट्राम १८७४ पासून धावत होती, चौपाटीला तर दारच नव्हते. पण बारा तास साच्यापुढे उभ्या राहणाऱ्याला फुकटच्या समुद्राचा उपयोग काय? शहरातली फुकट गोष्ट उपभोगायलाही मोकळा दिवस लागतो, आणि तो दिवस कोणी पगार साठवून विकत घेतला नाही. तो मागून, भांडून मिळवला. गिरणगावातल्या करमणुकीचा बहर विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत दिसतो, तो या कायद्यांच्या पाठोपाठ आला, हा मला योगायोग वाटत नाही.

बहर म्हणजे काय, तेही पाहू. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पट्ठे बापूराव, यांच्या लावण्यांनी मुंबईच्या थिएटरांना वेड लावले. हे गाव शिराळ्याच्या शेजारच्याच तालुक्यातले. ऐकणाऱ्याला आपल्याच बोलीतली थट्टा मुंबईत तिकीट काढून ऐकायला मिळे. पुढे लालबागला हनुमान थिएटर झाले आणि तमाशा कामगारांच्या दारात आला. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने उभारलेले. तिथे गिरणीत काम करणाऱ्यांनीच नाटके बसवली. भारतमाता टॉकीजने मराठी चित्रपट कामगाराच्या ऐपतीत ठेवला. आणि जे तिकिटाविना होते त्याची मोजदादच नाही. चिंचपोकळीचा गणपती १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा १९३४ चा. दहा दिवस रस्ता हेच थिएटर. कामगार मैदानावर शाहिरांचे कार्यक्रम, गल्लीत कबड्डीचे सामने, शनिवारी रात्री गाळ्यात भजन. भजनाला खर्च एकच, चहाचा, आणि तोही पाळीने.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही हलाखी आहे, तिला मौज म्हणणे हा पोट भरलेल्यांचा चाळा. आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. गाळ्यातला माणूस क्षयाने खंगत होता, पठाणाच्या व्याजात बुडत होता, आणि दारूवर पगार उडवून मोकळा होणारेही कमी नव्हते. पण या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे, की गरिबाला आनंदाची निवड नसते, त्याला फक्त विरंगुळा असतो. पुरावा तसे म्हणत नाही. ज्याने पखवाज घेण्यासाठी वर्गणी काढली, ज्याने नाटकाच्या तालमीसाठी झोप मोडली, त्याने विचार करून खर्च केला होता. शहराने दिलेले तो घेत होता, तसा शहरात स्वतःचे काही मांडतही होता. मुंबईचा गणेशोत्सव ज्या रूपात जग पाहायला येते, ते रूप घडवण्यात या वर्गणीवाल्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर? गाळ्यात चूल नव्हती, जेवण खानावळीत. खानावळवाली बहुतेक वेळा एखाद्या कामगाराचीच बायको किंवा विधवा, स्वतः एका खोलीत राहून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी. पहाटेची पाळी गाठणाऱ्याचा डबा अंधारात भरायचा, रातपाळीवाल्याचे ताट झाकून ठेवायचे. पैसे महिन्याने मिळणार, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य, आणि संप झाला तर उधारी तिच्या डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर शतकभर गिरणगावाचा हा जेवणखर्च बायकांच्या कर्जावर चालला होता. इकडे वारणेकाठी दुसरी बाई भात लावत होती, सासू-सासऱ्यांचे करत होती आणि मनीऑर्डरची वाट पाहत होती. गिरणीचा पगार कुटुंबाला पुरत नव्हता. कुटुंब शेतावर होते म्हणून तो पुरला. त्यातून उरलेले आणे हनुमान थिएटरच्या खिडकीवर पडले. गाळ्याच्या आठवणी पुरुषांनी सांगितल्या, त्यामुळे त्या इतक्या गोड आहेत, असेही म्हणता येईल.

तिसरी गोष्ट जातीची. गाळा गावकीचा, म्हणजे गावात ज्याला ओसरीवर चढू दिले जात नव्हते त्याला गाळ्यातही जागा नव्हती. खानावळीही जातीने वेगळ्या. गिरणीत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. मग या माणसांनी मुंबई कशी उपभोगली? याचे उत्तर देणारा माणूस शिराळ्याच्या शेजारीच जन्मला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी आईवडिलांसोबत पायी मुंबईला आले. शाळा जवळजवळ नव्हतीच. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत ते अक्षरे शिकले, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांच्यासाठी गाळ्याचे काम रस्त्याने केले. रस्ता, ट्राम, सभा, मूकपट, माटुंग्याचा लेबर कॅम्प. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि ज्या मैदानांवर फुकट ऐकले होते तिथे फुकट ऐकवले. वारणेचे खोरे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आले ते मुंबईच्या झोपडीत बसून. यावरून एक फरक नीट दिसतो. गावकीची व्यवस्था स्वस्त होती, पण तिला दार होते आणि दारावर जात उभी होती. सार्वजनिक जागा त्याहून उघड्या होत्या. शहर स्वस्त करायचे तर नुसता गाळा पुरत नाही, मैदानही लागते.

नेमकी मैदानेच पुढे आकसली. १८ जानेवारी १९८२ चा संप गिरण्यांना शेवटचा धक्का देऊन गेला. १९९१ च्या नियमाने बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक सार्वजनिक घरांसाठी सुटणार होता; २००१ च्या बदलाने हे गणित फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरते उरले. जिथे भोंगा वाजायचा तिथे मॉल आला. मॉलमध्ये फिरायला पैसे पडत नाहीत, हे खरे. पण तिथे कोणी पखवाज घेऊन बसत नाही. आमच्या भागातली माणसे तोवर माथाडीकडे वळली होती. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, बाजार नवी मुंबईला हलले तशी वस्तीही कोपरखैरणे-तुर्भ्याकडे सरकली, आणि बऱ्याच जणांनी या वेळी कुटुंबे नेली. गाळ्याची गरज कमी झाली ती अशी, चांगल्या कारणाने. जुने गाळे परत आणा असे म्हणणाऱ्याने आधी खानावळवालीला विचारावे.

तरीही एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी आता पाडून नव्या बांधल्या जात आहेत आणि १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. घर मिळते पात्र भाडेकरूला, म्हणजे ज्याच्या नावावर कागद आहेत त्याला. जिथे पावती एका माणसाची आणि वर्गणी साऱ्या गावाची, तिथे भाडेकरू कोण? कायद्याचे उत्तर सोपे आहे आणि त्यात गाव नाही. शंभर वर्षे जी खोली कोणा एकाची नव्हती म्हणून स्वस्त राहिली, ती कोणा एकाची ठरताच मुंबईच्या बाजारभावाने मोजली जाईल. आणि पोलीस भरतीसाठी किंवा परीक्षेसाठी शिराळ्याहून दोन रात्रींकरता आलेल्या पोराला पाठ टेकायची जागा त्या भावात धरलेली नाही.