ओझर मिग आणि गाडीतला नकाशा

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन गावे सर्वांना माहीत आहेत. एक जुन्नर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे. दुसरे निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिकहून मालेगावकडे जाताना लागणारे. या दुसऱ्याला लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. 1964 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग-21 विमानांचा कारखाना इथे आला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी होती. ढगात किंवा अंधारात विमानाचे तोंड कुठे आहे, हे वैमानिकाला सांगणारा जायरोस्कोप हेही विमानातले एक उपकरण.

आकाशात हे सारे रूढ झाले, तरी खाली रस्त्यावरचा ट्रक ड्रायव्हर मैलाचे दगड मोजत आणि क्लीनरला चहाच्या टपरीवर पाठवून वाट विचारत होता. अमेरिकेत 1909 मध्ये जोन्स नावाच्या माणसाने गाडीसाठी कागदी तबकडी काढली होती. तारेने ती चाकाला जोडलेली असे. गाडी जितकी पुढे जाई तितकी तबकडी फिरे आणि पुढचे वळण काट्यासमोर येई. पण एकदा का वाट सोडली की तबकडी निरुपयोगी.

ही अडचण दूर करायची तर गाडी किती चालली एवढे कळून भागत नाही, ती कुठे वळली हेही कळायला हवे. विमानातली युक्ती मोटारीत आली ती इथेच. 1981 मध्ये जपानच्या होंडाने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ बाजारात आणले. त्यात हेलियम वायूचा बारीक झोत सोडलेला असे. गाडी वळली की झोत किंचित कलतो, आणि समोरच्या दोन तापलेल्या तारांपैकी एक जास्त थंड होते. त्या फरकावरून वळण मोजायचे, चाकावरून अंतर मोजायचे आणि छोट्या पडद्यावर ठिपका पुढे सरकवायचा. नकाशा मात्र पारदर्शक फिल्मवर छापलेला. तो ड्रायव्हरने पडद्यावर हाताने बसवायचा, आणि सुरुवातीची जागाही आपणच दाखवायची. उपग्रहाचा यात कुठेही संबंध नव्हता. थोडीथोडी चूक साचत जाई आणि काही वेळाने ठिपका शेतातून चालू लागे.

या चुकीवर खरा इलाज 1985 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ईटॅक कंपनीने शोधला. तिने नकाशा संगणकात भरला आणि कॅसेटवर दिला. आपण गाणी ऐकायचो तशाच कॅसेटवर. एका मोठ्या शहरासाठी अनेक कॅसेट लागत. मोटार रस्ता सोडून सहसा जात नाही, हे यंत्राला शिकवलेले होते. म्हणून ठिपका भरकटला की यंत्र त्याला जवळच्या रस्त्यावर आणून ठेवी. ‘ईटॅक’ हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या नावाड्यांचा. त्यांच्या हिशेबात होडी जागेवर असते आणि बेटे मागे सरकतात. या यंत्राच्या पडद्यावरही गाडी मधोमध स्थिर राही आणि नकाशा फिरत असे. आज मोबाइलवर दिसते ते चित्र तिथून आलेले आहे.

पुढे उपग्रह आले, पण अमेरिकी सरकार सामान्य लोकांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ओझरच्या महामार्गावर आहात की बाजूच्या गल्लीत, हे कळणार कसे? मे 2000 मध्ये ही भेसळ थांबली आणि गाडीतले नेव्हिगेशन जगभर स्वस्त होऊ लागले.

आपल्याकडचे कुलूप मात्र वेगळेच होते. ठिपका मिळाला, तो ठेवायला नकाशा कुठे होता? 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक लष्करासाठी, एक जनतेसाठी. जनतेच्या नकाशात संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची ठिकाणे दाखवायची नाहीत, असा दंडक होता. ज्या कारखान्यावरून गाव ओळखले जाते, त्या जातीची ठिकाणेच वगळायची! एसटीच्या कंडक्टरला ठाऊक असलेले गुपित कागदापासून जपून काय साधत होते, हे मला कधी समजले नाही. दरम्यान 1995 मध्ये दिल्लीत राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने सुरू केलेल्या कंपनीने रस्तोरस्ती माणसे फिरवून आपले डिजिटल नकाशे तयार केले. ‘मॅपमायइंडिया’ ती हीच. सरकारने नकाशे बनवण्यावरची परवान्यांची बंधने सैल केली ती फेब्रुवारी 2021 मध्ये. तोवर परदेशी कंपनीचा नकाशा खेड्यापाड्यातल्या खिशात जाऊन बसला होता.

मिग-21 ला हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निरोप दिला. नाशिकच्या स्टँडवर ओझर मिगची गाडी अजूनही त्याच नावाने विचारतात.