'आता पुरे' सांगणारा रेणू

ट्रॉम्बे, १९८८. अणुशक्तीनगरहून सुटलेली बस तुम्हाला बीएआरसी या अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आणून सोडते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि कांदळवन. १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी जानेवारीतच पूर्ण क्षमतेने चालू लागली आहे; तिची थोरली बहीण सायरस १९६०पासून तापते आहे. अशा भट्टीत गंधक ठेवतात. गंधकाच्या अणूत न्यूट्रॉन शिरतो, प्रोटॉन बाहेर पडतो आणि फॉस्फरस-३२ जन्मतो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम १४.३ दिवस. म्हणून इथे सगळ्यांना घाई: माल तयार झाला की लगेच रवाना.

आरएनएच्या कण्यात फॉस्फरस असतोच. तिथे हा किरणोत्सारी अणू बसवला, की कुठल्याही भिंगाला न दिसणारा रेणू क्ष-किरण फिल्मवर काळी रेघ उमटवतो. सूत्रकृमींशीही या फॉस्फरसची ओळख जुनी आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पी. बाबू आणि केंब्रिजचे सिडनी ब्रेनर यांनी १९८१मध्ये फॉस्फरस-३२मुळे कृमींत घडलेल्या उत्परिवर्तनांवर शोधनिबंध लिहिला. त्याच कृमीच्या मागे आता १९८८पासून चार वर्षं पुढे चला.

१९९२, अमेरिका. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता. निरोगी कृमी मिलिमीटरभर लांबीची. चार अळी-अवस्था ओलांडून तीनेक दिवसांत प्रौढ होते. समोरच्या कृमीत मात्र लिन-४ हे जनुक बिघडलेलं आहे. ती कात टाकते, आकाराने वाढते, पण तिच्या पेशी पहिल्याच अवस्थेचं विभाजन पुन्हा पुन्हा गिरवतात. अंडी बाहेर टाकण्याची वाटच तयार होत नाही. पिल्लं आईच्या पोटातच अंडी फोडतात. पाहताना जीव कळवळतो.

लिन-४ कोणतं प्रथिन बनवतं, हे रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबाउम शोधत आहेत. किरणोत्सारी फॉस्फरसने उमटवलेली फिल्म पाहा: प्रथिनाचा पत्ता नाही. आहेत त्या आरएनएच्या दोन रेघा, एक ६१ न्यूक्लिओटाइडची, दुसरी अवघ्या २२ची. एरवी कचरा म्हणून सोडून द्यावी इतकी ती आखूड. त्यांनी ती सोडली नाही, हेच मोठेपण.

जूनमध्ये अँब्रोस आणि गॅरी रुवकुन एकमेकांना आपापले क्रम वाचून दाखवतात. तुम्ही दोन्ही कागद शेजारी धरा. रुवकुन यांच्याकडे लिन-१४ जनुकाच्या संदेशवाहक आरएनएची शेपटी आहे, आणि तिच्यावर लिन-४शी जुळणाऱ्या सात जागा. लिन-१४चं प्रथिन पेशींना पहिल्या अवस्थेत धरून ठेवतं. वेळ झाली की लिन-४चा आखूड आरएनए त्या शेपटीला चिकटतो, प्रथिन घटतं आणि कृमी पुढच्या अवस्थेत जाते. दोघांचे निबंध डिसेंबर १९९३मध्ये 'सेल'मध्ये छापून येतात. जगाला वाटतं, ही कृमीची खासगी बाब.

मग २०००. रुवकुन यांच्या गटाला लेट-७ हा तसाच आखूड आरएनए सापडतो: २१ न्यूक्लिओटाइडचा, आणि तोच माशीत, माशात, माणसातही. २००३. उंदराच्या गर्भातून डायसर काढून घेतलेलं तुम्ही पाहता. या सूक्ष्म आरएनएंना कापून घडवणारं ते विकर. तो गर्भ सुरुवातीलाच मरतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अँब्रोस आणि रुवकुन यांना नोबेल जाहीर होतं, तेव्हा त्या काळ्या रेघेला तीसहून अधिक वर्षं झालेली असतात.

जिवाची वाढ म्हणजे नवं घडवत जाणं, असं आपण मानत आलो. या प्रवासाने अर्धं सत्य बाकी होतं हे दाखवलं. झालेलं काम वेळेवर थांबवणं हीसुद्धा वाढच आहे, आणि ते थांबवायला २२ अक्षरं पुरतात. ती वाचता आली, कारण कुणीतरी अणूचं अर्धायुष्य सरायच्या आत आपलं काम चोख केलं होतं. ट्रॉम्बेत गंधकाच्या कुप्या भट्टीत उतरवणारे हातही जीवशास्त्राच्याच कामात होते. त्यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे.