सौंदर्याचा ताळेबंद : बीएमडब्ल्यू ५०७

दुसऱ्या महायुद्धानंतर बीएमडब्ल्यूचा आयझेनाख येथील मोटारींचा कारखाना सोव्हिएत अमलाखाली गेला. म्युनिकमध्ये कंपनीने नव्याने बांधलेली ५०१ ही प्रशस्त मोटार सामान्य जर्मन ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती, आणि १९५५च्या सुमारास मोटारसायकलींचा खपही घसरू लागला होता. अशा वेळी कंपनीने उघड्या टपाची एक आलिशान स्पोर्ट्स कार बाजारात आणायचे ठरवले. हे धाडस कंपनीला फार महागात पडले.

कल्पना होती मॅक्स हॉफमन यांची. मूळचे व्हिएन्नाचे हॉफमन न्यूयॉर्कमध्ये युरोपीय मोटारी आयात करत. स्वस्त ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि महागडी मर्सिडीज ३०० एसएल यांच्यामधली, सुमारे ५,००० डॉलर्सना मिळणारी गाडी अमेरिकेत हजारोंनी खपेल, असा त्यांचा होरा होता. त्यांच्याच आग्रहावरून न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले जर्मन आरेखक आल्ब्रेख्त फॉन गोएर्ट्झ यांच्याकडे रेखाटनाचे काम गेले.

गोएर्ट्झ यांनी लांब बॉनेट, आखूड शेपटी आणि दारांपाशी किंचित खाली झुकून पुन्हा वर चढणारी रेषा योजली. बीएमडब्ल्यूची ओळख असलेली समोरची उभी जोडजाळी त्यांनी आडवी, रुंद केली. आत संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ३.२ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. त्याची शक्ती १५० अश्वशक्ती, तर वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात. मर्सिडीज ३०० एसएलची ताकद मात्र २१५ अश्वशक्ती होती. त्यामुळे ५०७ ही शर्यतीपेक्षा लांबच्या, निवांत प्रवासाला अधिक शोभणारी गाडी ठरली. असे असूनही हान्स श्टुक यांनी ती घाटरस्त्यांवरच्या शर्यतींत उतरवली.

घात केला तो निर्मितीच्या पद्धतीने. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा कारागीर हातांनी ठोकून घडवत. त्यामुळे प्रत्येक गाडी दुसरीहून किंचित वेगळी होई. एकीचे कडक छत दुसरीवर नीट बसत नसे. ग्राहकाला ज्या कारागिरीचे कौतुक वाटे, तीच खर्च वाढवत होती. अमेरिकेत किंमत ठरलेल्या रकमेच्या दुपटीवर गेली. जर्मनीत ती २६,५०० मार्क होती; तेवढ्या पैशात पाच बीटल आल्या असत्या. १९५६ ते १९५९ या काळात जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. एल्व्हिस प्रिस्लेसारखे ग्राहक मिळाले, पण अशा मोजक्या नावांवर कारखाना चालत नाही.

त्याच काळात कंपनीला तगवून धरले ते इझेट्टा या चिमुकल्या, समोरून दार उघडणाऱ्या गाडीने. तिच्या दीड लाखांहून अधिक प्रती निघाल्या. तरीही आलिशान मोटारींवरचा तोटा भरून निघाला नाही. ९ डिसेंबर १९५९ रोजी भागधारकांच्या सभेपुढे कंपनी डायम्लर-बेंझच्या हवाली करण्याचा प्रस्ताव आला. लहान भागधारकांनी आणि वितरकांनी ताळेबंदावरच आक्षेप घेऊन तो रोखला. पुढे हर्बर्ट क्वांट यांनी भांडवल घातले आणि ७०० या छोट्या मोटारीने कंपनीला उभारी दिली.

१९९९ साली, सुस्थितीत आल्यावर, बीएमडब्ल्यूने झेड ८ ही गाडी सादर केली. तिच्या रेषा उघडपणे ५०७च्या होत्या. गोएर्ट्झ यांच्या आरेखनात खोट नव्हती. ते पेलण्याची ऐपत १९५५च्या कारखान्यात नव्हती, इतकेच.